व्याह्यांनी मागवलेली मूठ

मोलगीच्या घाटातली जीप माणसाला जेवढे धक्के देते, त्याहून जास्त धक्के आमच्या व्याह्यांनी मला बसल्या जागी दिले आहेत. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. या नात्यात एक मोठी अडचण अशी की माणसाला भांडता येत नाही. भावाला दोन शब्द सुनावता येतात, मित्राशी अबोला धरता येतो. पण व्याह्याने तुमच्या डोक्यावर पातेलं पालथं घातलं तरी "वा, छान बसलं" असंच म्हणावं लागतं, कारण पोटची पोर त्यांच्या घरी दिलेली असते. त्यामुळे या गृहस्थांसमोर मी आजवर बहुतेक वेळ आ वासून बसलेलो आहे. मी नंदुरबारच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. पोरांची अहिराणी शुद्ध करता करता माझीच घरची बोली माझ्या जिभेवरून उतरली, पण शब्द मला कधी कमी पडले नाहीत. ते पडतात फक्त ब्राह्मणपुरीला, व्याह्यांच्या अंगणात.

पहिला धक्का सोयरिकीच्या बैठकीतला. मंडळी आमच्या घरी जमली होती, पोहे झाले होते, आता मानपानाचं बोलणं निघणार होतं. एवढ्यात व्याही उठले, दाराशी गेले, माझे नवे कोरे बूट पायात घातले आणि अंगणात फेऱ्या मारू लागले. बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हे स्थळ मी मुद्दाम शोधून आणलं होतं. बऱ्याच फेऱ्या झाल्यावर ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "याही, तुमना बूट कोठेच चावत नही. माणूसबी चावाव नही. मन्हाकडथून सोयरीक पक्की." अहिराणीत व्याह्याला याही म्हणतात, तेव्हापासून मी त्यांचा याही झालो. लगेच त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मनगटाला अंगठा-बोटाची कडी घालून पाहिली. मी लहानपणापासून अंगाने भरलेला. कडी काही जुळेना. "मनगट शे का खांब?" ते आनंदाने म्हणाले. माझे बूट घालूनच ते गावी गेले, आणि साखरपुड्यापर्यंत मी त्यांच्या चपला वापरल्या. त्या मात्र मला चावल्या.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा सकाळी उठून बाहेर आलो आणि माझे डोळे पांढरे झाले. व्याही उघडा वस्तरा घेऊन चालता चालता दाढी करत होते. आरसा नाही, पाट नाही, काही नाही. एका हाताने गालावरून वस्तरा फिरतो आहे, दुसऱ्या हाताने पपईची गाडी भरणाऱ्या गड्यांना खुणा चालल्या आहेत, मध्येच वळून शेळीला शिवी. मुलीच्या सासऱ्याचा गळा आज आपल्या डोळ्यांदेखत कापला जाणार, असं मानून मी खांब धरला. त्यांनी हनुवटीखालचा शेवटचा फटकारा मारला, वस्तरा पुसला आणि म्हणाले, "आरसाले काय इचारनं? तोंड मन्हं शे, हात मन्हा शे." त्या हाताचा त्यांना भारी अभिमान होता, आणि गावालाही. पपई तळहातावर धरली की काट्याशिवाय वजन सांगायचे. शेजारच्या आजीबाई घरात तीन सुना असताना सुईत दोरा ओवून घ्यायला यांच्याकडे येत. हे उभ्या उभ्या, बोलणं न थांबवता दोरा ओवून देत आणि पुन्हा शेळीकडे वळत.

विहीणबाई गेल्यावर ते एकटे राहू लागले. जावईबापू पुण्याला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते एकदा वडिलांना करमणूक म्हणून गोल्फच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे मैलभर हिरवंगार, एकसारखं कापलेलं गवत पाहून व्याह्यांनी कपाळाला हात लावला. "इतलं गवत, नि एक म्हैस नही? हाऊ जुलूम शे!" असं ते भर मैदानात ओरडले, हे माझ्या लेकीने मला फोनवर सांगितलं. पण पुढचं ऐकून मीच तीन ताड उडालो. जावईबापूंनी गंमत म्हणून त्यांच्या हातात पटर दिला. चेंडू हळूच ढकलून खड्ड्यात घालायची ती चपटी काठी. व्याह्यांनी धोतर सावरलं, एक डोळा बारीक केला, आणि लांबूनच चेंडू अलगद खड्ड्यात नेऊन घातला. आजूबाजूच्या टोपीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्यांच्या डोक्यात गेल्या त्या गेल्याच.

पुण्याहून येताना त्यांनी जावईबापूंचा जुना पटर आणि खिसाभर चेंडू आणले. पुढच्या वेळी मी गेलो तर त्यांच्या खळ्याचं रूप पालटलेलं. आता मळणी यंत्रावर होते, खळी रिकामीच असतात; यांनी ते खळं चोपून, शेणाने सारवून असं गुळगुळीत केलं होतं की मुंगी चालली तरी दिसावी. मधोमध तुपाचा एक रिकामा डबा तोंडापर्यंत पुरलेला. रोज सकाळी स्वतः सारवायचं, वाळू द्यायचं आणि मग चेंडू ढकलत बसायचं. मलाही त्यांनी काठी दिली. माझा चेंडू गोठ्यात गेला, आणि म्हशीने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्यानंतर मी परत काठीला हात लावला नाही. पण दिवाळीला आणि आखाजीला जावईबापू गावी आले की बाप-लेकाची पैज ठरलेली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातला दिवाळीपेक्षाही मोठा सण. दरवेळी बाप जिंके आणि लेक हसत हसत हार खाई. गेल्या दिवाळीला मात्र लेक जिंकला. मी तिथेच होतो. जावईबापूंना खेळ चांगला जमू लागला, एवढंच माझ्या ध्यानात आलं. त्या दिवशी व्याही जेवताना फार बोलले नाहीत, हे मला नंतर आठवलं.

मग आखाजीच्या तोंडावर एक दिवस लेकीचा फोन आला. आवाज रडवेला. "पप्पा, तुम्ही आजच्या आज ब्राह्मणपुरीला जा. शेजारच्या आजींचा फोन आला होता. बाबांनी म्हणे मूठ मागवलीये!"

मला बसलेला धक्का वाचकांना कळावा म्हणून सांगतो, आमच्या भागात मूठ म्हणजे काय हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. मंतरलेले उडीद, कोणाच्या तरी नावाने मारलेली मूठ, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणात, असल्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. मी शिकलेला माणूस, असल्या भाकडकथांवर माझा विश्वास नाही. पण शहाद्याच्या गाडीत बसताना मी खिशातला लिंबू चाचपून पाहिला, आणि तो बायकोने कधी टाकला हे मला माहीत नव्हतं.

ब्राह्मणपुरीला उतरलो तर आजीबाईंनी मला वाटेतच अडवलं. त्यांच्या दाराला मिरच्यांची माळ टांगलेली, कमरेला बिनदोऱ्याची सुई खोचलेली. "मास्तर, तठे जाऊ नका! त्यासनी मूठ मागाडी. काल मन्ही कोंबडी उभी व्हती नि धप्पकन पडनी. जवय कोनी नही व्हतं!" पुराव्याबद्दल विचारलं तर कळलं की सगळ्या गावाने कानांनी ऐकलं होतं. व्याह्यांनी पारावर बसून, फोन कानापासून लांब धरून, शहाद्याच्या कुरिअरवाल्याला विचारलं होतं, "मन्ही मूठ उनी का? हां, जाडी मूठ! कव्हय ई? आखाजीना पहिले पाहिजे. पोऱ्याले दखाडनी शे!" पोराला दाखवायची आहे! सख्ख्या मुलाला मूठ दाखवणारा बाप गावाने अजून पाहिला नव्हता. पत्त्यांचा डाव अर्धा टाकून माणसं उठून गेली म्हणे. माझ्या तर पायाखालची जमीन सरकली, कारण त्या पोऱ्याच्या गळ्यात माझी लेक बांधलेली.

खळ्यावर पोचलो तर आणखी एक धक्का. व्याह्यांच्या तोंडावर दाढी. चांगली छातीकडे निघालेली, पांढरीशुभ्र. मूठ, मंत्र, दाढी, सगळं माझ्या डोक्यात एका रांगेत उभं राहिलं. "या याही, बठा. येळवर उनात," ते म्हणाले. मी धीर करून दाढीकडे बोट दाखवलं. "फॅशन शे," ते म्हणाले आणि नजर चुकवली. त्यांनी गड्याकडून चहा मागवला. मला कपबशी आली, त्यांना उंच स्टीलचा ग्लास आला, तोही निम्मा. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. कोंबडीचं विचारलं. "मरनी नही ती. चेंडू लागना तिले. आते दाना खाई ऱ्हायनी," असं म्हणून त्यांनी ती दाखवलीही. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी डोळे मिटले.

उघडून पाहतो तर रबराची एक पोकळ, काळी, भरताच्या वांग्याएवढी जाड वस्तू. "हे काय?" मी विचारलं. "मूठ!" व्याही म्हणाले. "पटरनी मूठ." पुण्यात तिला ग्रिप म्हणत असतील; यांच्या घरी विळ्याला मूठ, नांगराला मूठ, वस्तऱ्याला मूठ, तर याच काठीने काय घोडं मारलं होतं? साध्या पटरची मूठ बारीक असते; ही मुद्दाम जाड केलेली, बाजारात नवी निघालेली. मी इतका मोकळा हसलो की कुंपणापलीकडून डोकावणाऱ्या आजीबाई दिसेनाशा झाल्या.

पण ती बसवायला घेतली आणि माझं हसू आटत गेलं. जुनी मूठ त्यांनी आधीच कापून काढली होती. दांडीवर दुहेरी चिकटपट्टी गुंडाळायची, तिच्यावर पेट्रोलचे थेंब सोडायचे आणि पट्टी ओली आहे तोवर नवी मूठ एका दमात सरकवायची, असं काम. "पट्टी तुम्ही लावा," ते म्हणाले. मी लावली. "पेट्रोल तुम्हीच वता. मन्हं ध्यान नही ऱ्हात." मी ओतलं, निम्मं माझ्या पँटवर. ज्या माणसाने मला आजवर स्वतःच्या अंगणात खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता, तो मला काम सांगत होता. मूठ सरकवायला त्यांनी उजवा हात पुढे केला, आणि मी पाहिलं. हात थरथरत होता. थोडाथोडका नाही, किटलीवरचं झाकण उकळताना थडथडतं तसा, आपल्याच नादात. त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं. चटकन मूठ आवळली आणि धोतराच्या घडीत लपवली. मला एकदम दाढी कळली, निम्मा ग्लास कळला, आजीबाईंच्या कमरेची रिकामी सुई कळली.

"दिवायीले पोऱ्यानी हात जरासा हालतांना देखा," ते म्हणाले. "बोलना, बाबा, आते पुनाले चला. आठे एकला कसा ऱ्हाशात? मी बोलनू, आखाजीले खेयू. मी हारनू तं येसू." डॉक्टरला दाखवलं का, असं मी विचारलं. दाखवलं होतं, वयाचं आहे, जिवाला धोका नाही, गोळ्या चालू आहेत. पण गोळीने हात थांबत नाही, आणि हात थांबला नाही तर चेंडू डब्यात जात नाही. जाड मुठीची अक्कल त्यांना कुठल्या तरी व्हिडिओत सापडली होती. "बारीक मूठ धरी का बोटं नाचतस. जाडी धरी का गुमान बठतस." मी म्हटलं, व्याहीबुवा, पुण्याला नातवंडं आहेत, माझी लेक आहे, तुमची आबाळ होणार नाही. ते खळ्याकडे पाहत होते. "पुनामा सगळं शे, याही. पन आठे माले सकायले उठीसन जावाले वावर शे. तठे उठीसन काय करू? लिफ्टनी वाट देखू?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुमनी पोरले सांगू नका. झाकेल मूठ सव्वा लाखनी."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी म्हटलं, मूठ म्हणजे काठीची मूठ, रबरी, काही काळजी करू नकोस. "आणि बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "दाढी वाढवली आहे. शोभते."

आखाजीला कडुलिंबांना झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली, आणि तरी सगळं गाव आमच्या व्याह्यांच्या खळ्याभोवती उभं. मूठ उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळतेय म्हटल्यावर कोण घरी थांबतो? आजीबाई सर्वांत पुढे, पण कोंबडी काखेत घट्ट धरून. मी लेकीशेजारी उभा होतो. तळहातांना घाम सुटला होता, जणू पुण्याला मलाच जायचं होतं. अंतर ठरलं, ज्याचा चेंडू डब्यात जाईल तो जिंकला. आधी जावईबापू. त्यांनी वाकून नेम धरला, बराच वेळ धरला, आणि चेंडू डब्याच्या काठाला शिवून पुढे निघून गेला. आता तो मुद्दाम चुकवला की खरंच चुकला, हे मला सांगता येणार नाही. मला गोल्फ कळत नाही.

व्याही पुढे आले. काठी हातात घेईपर्यंत त्यांचा उजवा हात मोकळा होता, आणि त्या क्षणभरात तो सगळ्या गावाला दिसला. मग त्यांनी ती काळी, जाड मूठ दोन्ही हातांत धरली, आणि हात थांबला. मी डोळे फाडून पाहत होतो. तो खरोखर थांबला. चेंडू निघाला, सारवणाच्या एका उंचवट्याला बिलगून वळला, मंद झाला, आणि डब्याच्या काठावर येऊन उभाच राहिला. माझ्या लेकीने माझा दंड पकडला. "जाय ना मुडद्या!" आजीबाई किंचाळल्या, आणि चेंडू टण्णकन डब्यात पडला. खळ्यावर एकच गलका. आजीबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या, "देखा, मूठ वाया जास का कधी!"

गलक्यातून जावईबापू वडिलांकडे गेले. त्यांनी काठी हातात घेतली आणि ती मूठ चाचपली. जाडी पाहिली, एकदा बोटं आवळून पाहिली, आणि तसेच उभे राहिले. व्याह्यांनी तोवर उजव्या हाताची मूठ करून पाठीमागे नेली होती. जावईबापूंनी ती पुढे घेतली, आपल्या हातात धरली, उघडली नाही. "बाबा, मूठ भारी शे," ते म्हणाले. "आनी पुनं?" व्याह्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "पुनं काय पयी जाई ऱ्हायनं? देखू मंग कव्हय तरी." पंगतीत खापरावरची पुरणपोळी होती. जावईबापूंनी वडिलांना दुधाचा ग्लास दिला, तो निम्माच भरलेला, आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून पोळीचे तुकडे करून ठेवले. माझं लक्ष होतं. पुरणपोळी गोड लागली की खारट हे मला कळलं नाही.

पुढे पुण्याहून एक खोकं आलं. व्याह्यांनी पारावरून जाहीर केलं, "पोऱ्यानी मूठी धाड्यात!" आणि या वेळी गाव पळालं नाही, बघायला जमलं. चमच्याची जाड मूठ, किल्लीची जाड मूठ, आणि दाढीच्या मशीनची. परवा मी गेलो तेव्हा व्याही गुळगुळीत होते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठून बाहेर आलो. ते पाटावर बसून दाढी करत होते, समोर आरसा टेकवलेला. शेळी पपईचं रोप खात होती. त्यांनी तिला शिवी दिली नाही. मशीन बंद करून, खाली ठेवून, मग दिली.

निघताना ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. उभे असताना त्यांचा हात पुन्हा थडथडू लागला. त्यांनी तो खिशात घातला, खिसाही हलू लागला. आम्ही दोघंही दुसरीकडे पाहत राहिलो. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं. कडी या वेळीही जुळली नाही. हळूहळू त्यांची बोटं शांत झाली. "मस्त जाडी मूठ शे तुमनी, याही," ते म्हणाले. तेवढ्यात नंदुरबारची गाडी आली, थांबली. त्यांनी हात सोडायला बोटं सैल केली. "ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं, "दुसरी गाडी ई." कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून अहिराणी निघाली. कंडक्टरने घंटी मारली, आणि ती गाडी आम्ही जाऊ दिली.